चाळिशीनंतर सीए की सीएमए?

पंधरा-वीस वर्षं अकाउंट्समध्ये घासल्यावर नावापुढे पदवी हवीशी वाटते. पर्याय दोन: सीए (चार्टर्ड अकाउंटंट) किंवा सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट). पदवीधराला दोन्हीकडे पहिली पायरी (फाउंडेशन) वगळून थेट इंटरमीजिएटला, म्हणजे मधल्या परीक्षेला, बसता येतं. सीएला मात्र गुणांची अट आहे: कॉमर्सला ५५ टक्के, इतरांना ६०.

खरी अडचण सीएच्या आर्टिकलशिपची, म्हणजे प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या प्रशिक्षणाची. २०२३च्या नव्या योजनेत ती तीनवरून दोन वर्षांवर आली. पण तुटपुंज्या स्टायपेंडवर, पूर्णवेळ! घराचा हप्ता आणि मुलांची फी सांभाळून, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर व्हाउचरवर टिकमार्क करत बसायचं म्हणजे आधी घरच्यांशी बोलायला हवं. सीएमएचं प्रशिक्षण १५ महिन्यांचं आणि नोकरीतला संबंधित अनुभव त्यात धरला जातो, म्हणजे पगार चालू राहतो.

इंटरमीजिएट आणि फायनल मिळून पेपर सीएला सहा-सहा, सीएमएला आठ-आठ. उत्तीर्णतेचा निकष सारखाच: प्रत्येकी ४०, एकूण ५० टक्के.

कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर (कायद्याने सक्तीची हिशेबतपासणी) सही सीएचीच चालते, कॉस्ट ऑडिटवर (उत्पादनखर्चाची तपासणी) सीएमएची. स्वतःची प्रॅक्टिस थाटायची असेल तर सीएला तोड नाही. पण चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यात कॉस्टिंग बघणाऱ्याने, माझ्या मते, डोळे झाकून सीएमए करावं.