कैसरची खिल्ली की कचऱ्याची फौज?

1914 साली महायुद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटिश व्यंगचित्रकार कागद-कुंचला घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर बसले. लान्सलॉट स्पीडच्या ‘बुली बॉय’ मालिकेसारखे हे लघुपट म्हणजे वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र डोळ्यांदेखत उमटावं तसे. चित्रकाराचा हात झरझर फिरतो, रेषा जुळत जातात आणि जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मची खिल्ली उडते. प्रेक्षकानं हसायचं आणि शत्रूचा राग करायचा, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश प्रचारपटांचं काम मला कितीतरी सरस वाटतं. जॉन हलास बुडापेस्टचा, जॉय बॅचलर वॉटफर्डची. दोघांनी 1940 मध्ये अ‍ॅनिमेशन स्टुडिओ काढला आणि ब्रिटिश माहिती मंत्रालयासाठी चित्रपट केले. त्यातला 1942 चा ‘डस्टबिन परेड’ बघाच! रिकामा डबा, हाडूक, दाबून संपलेली ट्यूब, मुलांचा जुना भोवरा ही टाकाऊ मंडळी सैन्यात भरती व्हायला निघतात, कारण त्यांच्यापासून दारूगोळा बनणार असतो. इथे शत्रूची टिंगल मुख्य नाही. घरातल्या बाईमाणसानं भंगार वेगळं ठेवावं, हे नेमकं काम सांगितलंय, तेही त्या भंगारालाच जिवंत करून.

स्पीडच्या रेषेतली चपळाई मात्र हलास-बॅचलरांकडे नाही. तिथे हात दिसतो, इथे तो पडद्याआड गेलेला.