मॉलिक्युलर मॉडेल किट: अकरावीच्या हायब्रिडायझेशनला कितपत उपयोगी?

जूनपासून अकरावीच्या मुलांना बाँडिंग शिकवताना हे बॉल-अँड-स्टिक किट रोज टेबलावर असतं. काळे कार्बन, पांढरे हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, निळे नायट्रोजन, पिवळं सल्फर. एकेरी बंधाला ताठ काड्या, दुहेरी-तिहेरीला लवचिक. जरूर घ्या.

मिथेनसाठी तर याला तोड नाही. फळ्यावरचा मिथेन म्हणजे सपाट फुली, कोन ९०°चे. मॉडेल हातात आलं की १०९.५° डोळ्यांना दिसतो. कसंही ठेवा, तीन हायड्रोजनवर उभं राहतं. मग मुलंच विचारतात: पी ऑर्बिटल (ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची जागा) एकमेकांशी काटकोनात, एस तर नुसता गोल, मग चारही बंध सारखे कसे? १९३१ साली पॉलिंग आणि स्लेटर यांनी मांडलेली हायब्रिडायझेशनची कल्पना, म्हणजे एस आणि पी मिसळून सारखे ऑर्बिटल होतात असं मानणं, शिकवायची खरी वेळ हीच.

गोम आहे ती गोळ्यांच्या भोकांत. ती कारखान्यातूनच पाडून येतात, त्यामुळे मुलं धरून चालतात की कार्बन मुळातच एसपी३ (एक एस, तीन पी मिसळलेला) असतो आणि म्हणून मिथेनला तो आकार येतो. खरं तर अणू सगळ्यांत कमी ऊर्जेच्या रचनेत स्थिरावतात. हायब्रिडायझेशन ही त्या रचनेचं वर्णन करायची आपली पद्धत. सीईटीच्या घाईत स्टेरिक नंबर (मधल्या अणूला जोडलेले अणू अधिक त्याच्या बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्या) मोजून उत्तर येतं, पण हा क्रम डोक्यात उलटाच बसतो. मला ते फार खटकतं.

सल्फरचा गोळा घ्या. भोकं त्याच १०९.५°ची, पण हायड्रोजन सल्फाइडमधला खरा कोन सुमारे ९२°. तिथे सल्फर जवळजवळ निव्वळ पी ऑर्बिटलच वापरतं, एसपी३ म्हणायला फारसा आधार नाही. पाण्याचा १०४.५° निदान जवळपास तरी आहे. मी मॉडेलशेजारी कोनमापक ठेवून खरा आकडा फळ्यावर लिहितो.

इथीनमध्ये दोन्ही लवचिक काड्या एकसारख्या वाकतात. सिग्मा (ऑर्बिटल समोरासमोर जुळून झालेला बंध) कुठला, पाय (बाजूबाजूने जुळून झालेला) कुठला, काही कळत नाही, आणि एच-सी-एच कोन ११७°च्या जागी १०९.५°च राहतो. मात्र दुहेरी बंध पिळून बघितला की फिरत नाही, आणि सिस-ट्रान्स (गट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना) वेगळे का, हे न सांगता समजतं. पाय बंधासाठी पी-लोबच्या पाकळ्या असलेलं किट मिळालं तर तेच घ्या.

लवचिक काड्या वाकवून वाकवून पांढऱ्या पडल्यात, काही तुटल्याही. सुट्या मिळतात का, ते घेतानाच विचारा.