कृषी केंद्राच्या काउंटरवरची अर्धवेळ नोकरी : पाचपैकी साडेतीन

दुकानाचं नाव लिहीत नाही, मालक मोबाइलवर सगळं वाचत असतात. राळेगाव तालुक्यातलं एक बाजाराचं गाव, बियाणं-खत-औषधांचं दुकान, मालक धरून चार माणसं. माझं सकाळी कॉलेज, दुपारी एक ते सात काउंटर, महिन्याचे साडेचार हजार. घरी पाच एकर पऱ्हाटी-तूर, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या डोक्यावरून आत पाहतं. "मालक कुठं गेले वं?" मी म्हणते, "काकाजी, काय पायजे ते मले सांगा ना." मग थोडं थांबून सरकीचा नंबर सांगतात. मी पाकीट काढून तारीख दाखवते, लॉट नंबर बिलावर लिहिते आणि सांगते, "पाकीट अन् बिल दोन्ही जपून ठेवा, उगवलं नाही तर तक्रारीला हेच लागते." पुढच्या खेपेला तोच माणूस सरळ माझ्याकडे येतो. पण दर जूनमध्ये नवी गिऱ्हाइकं, म्हणून हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कामातला निम्मा वेळ खतविक्री नोंदवायचं पॉस मशीन खातं. युरियाला आधार आणि अंगठा लागतो. ४५ किलोची थैली २६६ रुपये ५० पैशांची. ५०० ची नोट आली की सुट्ट्यांची बोंब. त्याहून मोठी अडचण अंगठ्याची. जन्मभर निंदलेल्या, वेचलेल्या हातांवर रेघाच राहिलेल्या नसतात. परवा एक आजी आल्या. अंगठा लागला नाही, तर्जनी नाही, मधलं बोट नाही. ओल्या फडक्यानं बोटं पुसली, पदरानं कोरडी केली, पुन्हा दाबली. मागे रांग चुळबुळत होती. आजी मशीनकडे बघून म्हणाल्या, "मी हाओ ना समोर उभी, अजून काय पायजे याले?" डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटावर मशीन एकदाचं राजी झालं. त्यात सर्व्हर बसलं की लोक सर्व्हरला नाही, मला बोलतात.

लिंकिंगचं तर बोलूच नका. हंगामात खताची गाडी येते तेव्हा वरचा व्यापारी सोबत न खपणारा माल गळ्यात मारतो. तो कोणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय दुकानाचा पैसा मोकळा होत नाही. शेतकऱ्याला हवं असतं १३५० रुपयांचं डीएपीचं पोतं आणि मी सांगायचं, की सोबत ही बाटलीही घ्या. शिव्या घालणाऱ्याचं चुकत नाही. आमचे मालक ती बाटली सक्तीनं देत नाहीत, नाही म्हणणाऱ्याला नुसतं खत देतात. पण "आधी विचारून तर पाहा" हा हुकूम मला असतो. एक स्टार इथेच गेला.

आता हे दुकान मी का सोडलं नाही, ते सांगते. इथे "नको" म्हणायची मुभा आहे. चोरबीटी दुकानात ठेवत नाहीत. तणनाशक सहन करणाऱ्या त्या सरकीला सरकारची मान्यता नाही, पण मागणारे रोज येतात आणि नाही म्हटलं की बाकीची खरेदीही दुसरीकडे नेतात. मालक जाऊ देतात. औषधांचंही तसंच. २०१७ साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, त्याची आठवण इकडे कोणाला करून द्यावी लागत नाही. डब्यावरचा त्रिकोण बघायला मालकांनीच शिकवलं: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. दोन औषधं एकत्र चालतात का, असं कोणी विचारलं आणि मला ठाऊक नसलं, तर विकायचं नाही. "अळी दिसते का पानावर? नाही ना? मंग चार दिवस थांबा," असं सांगून रिकाम्या हातानं परत पाठवलेल्या माणसाबद्दल मला कधी बोलणं बसलेलं नाही. माझी मैत्रीण दुसऱ्या गावात कापडाच्या दुकानात आहे, तिला गिऱ्हाईक रिकामं गेलं की संध्याकाळी हिशेब द्यावा लागतो.

तासांचं मात्र वाईट. मृग लागून दोन पाऊस पडले की सातचे नऊ होतात आणि शेवटची एसटी निघून जाते. मालकीणकाकू डबा देतात, मालकांचा मुलगा गाडीनं घरापर्यंत सोडतो. पण डबा म्हणजे जादा तासांचा पैसा नव्हे. जादा वेळेला दुप्पट मजुरी हा २०१७ च्या दुकाने कायद्यातला नियम जास्त कामगारांच्या दुकानांसाठी आहे, चार माणसांचं दुकान त्यात बसत नाही. बसण्यावरून आठवलं, स्टूल आहे, पण गिऱ्हाईक समोर असताना त्यावर टेकलेलं चालत नाही. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय कायद्यानं द्यायला लावली. मी हे मालकांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तिकडं कापूस नसन पिकत." (पिकतो, तामिळनाडूत चांगला पिकतो.) अर्धा स्टार इथे गेला.

अवघड भाग उधारीच्या वहीचा आहे. बाबांचं खातं याच दुकानात. सोयाबीन विकलं की थोडं भरायचं, कापूस विकला की बाकीचं, असा इकडचा रिवाज. ते आले की ते पान मलाच उघडावं लागतं, आकडा मलाच लिहावा लागतो. आम्ही दोघंही त्या वेळी एकमेकांशी गिऱ्हाईक-दुकानदारासारखंच बोलतो. मालकांनी आजवर माझ्या पगारातून एक रुपयाही त्या खात्यात वळता केलेला नाही, तसा विषयही काढला नाही. हे नसतं तर साडेतीनही दिले नसते.

कोणाला अशा ठिकाणी लागायचं असेल तर एप्रिलमध्ये विचारा, जूनमध्ये शिकवायला कोणाला वेळ नसतो. जादा तासांचे पैसे आणि रात्री घरी पोचवायचं, दोन्ही आधीच बोलून घ्या. आणि जेवणाचा डबा औषधांच्या मांडणीपासून लांब, शक्यतो दुकानाच्या बाहेर ठेवा. तो वास पोळीतही उतरतो.