फायास, पवित्र आठवडा की फेरिया? स्पेनचा उत्सव बघायला कुठे जावं

वसंतात स्पेनला जायचं ठरलं की दोन जुनी शहरं समोर येतात, व्हॅलेन्सिया आणि सेव्हिल. व्हॅलेन्सियात 15 ते 19 मार्च या दिवसांत फायासचा उत्सव असतो. सेव्हिलमध्ये ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा, म्हणजे सेमाना सांता, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी फेरिया दे आब्रिल, एप्रिलची जत्रा. रजा एकदाच मिळते, पैसेही एकदाच साठतात, त्यामुळे बहुतेकांना यातलं एकच निवडावं लागतं.

माझं मत आधीच सांगते. पहिल्यांदा जात असाल आणि घरची माणसं बरोबर असतील, तर व्हॅलेन्सिया. एकटे किंवा दोघंच असाल, तासन्‌तास उभं राहायची तयारी असेल आणि भक्ती कशी दिसते हे बघायची ओढ असेल, तर सेव्हिलचा पवित्र आठवडा. तो मनात जास्त खोल उतरतो. फेरियाला मात्र सेव्हिलमध्ये कोणी ओळखीचं असेल तरच जा. याची कारणं पुढे देते.

व्हॅलेन्सिया: पाच दिवस आवाजाचे

मंडळ, वर्गणी, देखावा हे शब्द ज्याच्या कानावर लहानपणापासून आहेत, त्याला फायास समजावून सांगावा लागत नाही. व्हॅलेन्सियात अशी साडेतीनशेच्या वर मंडळं आहेत. प्रत्येकाची स्वतःची जागा असते, तिला कासाल म्हणतात. वर्षभर तिथे बैठका आणि जेवणावळी चालतात, पैसे गोळा होतात. मार्चच्या मध्यावर प्रत्येक मंडळ आपल्या चौकात एक मोठा देखावा उभारतं आणि शेजारी मुलांसाठी एक छोटा. मोठ्या मंडळांचे देखावे पाच-सहा मजली इमारतीएवढे उंच जातात. त्यातल्या बाहुल्यांना निनोत म्हणतात आणि त्यांचा रोख बहुधा पुढाऱ्यांवर, महागाईवर, शहरात माजलेल्या पर्यटनावर असतो. बाजूच्या पाट्यांवरचा मजकूर व्हॅलेन्सियन भाषेत असतो, त्यामुळे निम्मी टोलेबाजी आपल्याला कळत नाही. पण चेहरे इतके बोलके असतात की फारसं अडत नाही.

19 मार्चच्या रात्री हे सगळं जाळून टाकतात. त्याला क्रेमा म्हणतात. हिवाळा संपला की सुतार आपल्या कारखान्यातलं टाकाऊ लाकूड संत जोसेफच्या दिवशी जाळत, त्यातून ही प्रथा आली असं सांगतात. आधी मुलांचे देखावे, मग मोठे आणि सगळ्यात शेवटी पालिकेच्या चौकातला. प्रेक्षकांच्या मतांनी निवडलेले दोन निनोत, एक मोठ्या देखाव्यांतला आणि एक मुलांच्या, तेवढे वाचवून संग्रहालयात ठेवतात. ही पद्धत 1934 पासून आहे. 2016 साली युनेस्कोने फायासचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशात केला.

क्रेमा बघायची तर पालिकेच्या चौकात जाऊ नका. तिथे गर्दी इतकी असते की पुढच्या माणसाची मान तेवढी दिसते. एल कार्मे किंवा रुसाफा भागातल्या एखाद्या लहान मंडळाचा चौक आदल्या दिवशीच हेरून ठेवा. देखाव्याभोवती फटाक्यांची माळ गुंडाळलेली असते. अग्निशमन दलाचे जवान आसपासच्या भिंतींवर पाण्याचे फवारे मारत उभे असतात. मंडळाची त्या वर्षीची मानाची मुलगी, जिला फायेरा मायोर म्हणतात, ती वात पेटवते. वर्षभर राबून उभं केलेलं काम काही मिनिटांत कोसळतं आणि भरजरी रेशमी पोशाखातली ती पोर सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडते. तिला सावरणारी तिची आईही रडत असते. लहान चौकात हे सगळं चार हातांवरून दिसतं.

दुसरी चुकवू नये अशी गोष्ट म्हणजे मास्क्लेता. 1 ते 19 मार्च रोज दुपारी दोन वाजता पालिकेच्या चौकात फटाक्यांचा कार्यक्रम होतो, भर उन्हात. बघण्यासारखं त्यात फारसं नसतं, तो ऐकायचा असतो. आवाजाला ताल असतो. तो वाढत वाढत जातो आणि शेवटच्या मिनिटात पायाखालची फरसबंदी थरथरते. पाच-सात मिनिटांत संपतं. जवळ उभे असाल तर तोंड किंचित उघडं ठेवा, कानांवरचा दाब कमी होतो. तुमच्या तारखा नेमक्या 15 ते 19 मध्ये बसत नसल्या तरी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर मास्क्लेता नक्की मिळते, आणि तेव्हा हॉटेलंही परवडतात.

17 आणि 18 मार्चला फुलं वाहायचा सोहळा असतो, ओफ्रेंदा. सगळ्या मंडळांच्या बायका-मुली हातमागावरच्या रेशमी घागऱ्यांत, केसांचे अंबाडे कानांवर बांधून वाजतगाजत देवीच्या चौकात येतात. तिथे मेरीच्या मूर्तीसाठी उंच लाकडी सांगाडा उभा असतो. माणसं त्यावर चढून पुष्पगुच्छ झेलतात आणि एकेक खोचत जातात. 18 च्या रात्रीपर्यंत तिचा पायघोळ झगा संपूर्ण फुलांचा झालेला असतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ओफ्रेंदा त्यांच्यासाठी सगळ्यात सोयीचा.

आता ज्यांनी इथे जाऊ नये त्यांच्याबद्दल. दमा असलेल्यांनी क्रेमाच्या जवळ फिरकू नये. देखावे हल्ली मोठ्या प्रमाणात थर्माकोलसारख्या पदार्थाचे असतात आणि धूर काळा, जड निघतो. तान्ही मुलं, हृदयविकाराचे रुग्ण आणि आवाजाने बिथरणारी माणसं यांच्यासाठी हे पाच दिवस त्रासाचे आहेत, कारण फटाके कार्यक्रमापुरते थांबत नाहीत. पोरं सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत गल्लीत फोडत असतात. मांडवांमुळे रस्ते बंद असतात, टॅक्सी दारापर्यंत येत नाही. मेट्रो मात्र विमानतळापासून थेट शहरात येते.

सेव्हिल: पवित्र आठवडा

इथे तुम्हाला थांबता यायला हवं. पाम संडेपासून ईस्टरपर्यंत शहरातल्या साठाहून अधिक धर्मबंधू-मंडळ्या, ज्यांना एर्मांदाद म्हणतात, आपापल्या चर्चमधून मूर्ती घेऊन कॅथेड्रलपर्यंत जातात आणि परततात. पुढे टोकदार टोप्या आणि चेहरा झाकणारे झगे घातलेले नाझारेनो मेणबत्त्या घेऊन चालतात. हा पोशाख बघून अनेकांना अमेरिकेतली वर्णद्वेषी टोळी आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. हा प्रायश्चित्त घेणाऱ्यांचा पोशाख आहे आणि त्या टोळीच्या कितीतरी शतकं आधीचा.

त्यांच्या मागून पासो येतो, म्हणजे मूर्ती ठेवलेला प्रचंड कोरीव चौथरा. तो चाकांवर नसतो. खाली पडद्याआड तीस-चाळीस माणसं मानेच्या मणक्यावर भार घेऊन चालत असतात, त्यांना कोस्तालेरो म्हणतात. त्यांना बाहेरचं काही दिसत नाही. त्यांचा म्होरक्या पुढे उलटा चालत, हळू आवाजात एकेकाचं नाव घेत वाट सांगतो: डावा पाय पुढे, थोडं मागे, सावकाश. थांबायचं असलं की चौथऱ्यावरची धातूची मूठ ठोकतो. परत ठोकली की सगळे एका झटक्यात उठतात, मूर्ती क्षणभर हवेत जाते आणि गर्दीचा श्वास अडकतो. अरुंद गल्लीत वळण घेताना पासोची कड आणि बाल्कनीचे गज यांत वीतभर अंतर असतं, तेव्हा पडद्याखाली नुसती कापडी बुटांतली पावलं इंचाइंचाने सरकताना दिसतात. एखाद्या बाल्कनीतून कोणीतरी सायेता, म्हणजे मूर्तीला उद्देशून भक्तिगीत, गायला लागतो, विनासाथ, आर्त, आणि रस्ताभर माणसं गप्प होतात.

सगळ्यात मोठी रात्र गुरुवार-शुक्रवारमधली, मादरुगा. हुआन दे मेसाने 1620 साली घडवलेली क्रूस वाहणाऱ्या येशूची मूर्ती, ग्रान पोदेर, याच रात्री निघते. माकारेना आणि त्रियानाची एस्पेरान्सा या मेरीच्या मूर्तीही याच रात्री. मध्यरात्रीच्या सुमारास निघालेली माकारेना दुसऱ्या दिवशी दुपारी परतते. प्रवास आखताना मात्र मी मादरुगाला दुय्यम ठेवीन. सोमवार-मंगळवारच्या मिरवणुका बघा. गर्दी कमी, वस्तीतली माणसं जास्त. कानाल सूर वाहिनीची ‘एल यामादोर’ ही मार्गदर्शिका घेतली की कोणती मिरवणूक किती वाजता कुठे असेल ते कळतं. एकाच जागी उभं राहून सगळं बघायचा हट्ट सोडा. मुख्य मार्गावरच्या खुर्च्या बहुतेक वार्षिक सभासदांच्या असतात, त्या तुम्हाला मिळणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. चर्चच्या दारात मूर्ती बाहेर पडताना किंवा आत जाताना बघणं कितीतरी चांगलं.

धोका एकच आणि तो मोठा आहे: पाऊस. शतकानुशतकांच्या मूर्ती भिजवायला कोणी तयार नसतं, त्यामुळे मिरवणूक रद्द होते. 2024 मध्ये पावसाने बहुतेक आठवडा असाच गेला आणि मादरुगाची एकही मिरवणूक निघाली नाही. फक्त दोन-तीन दिवसांसाठी इतक्या लांब येणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

फेरियाबद्दल थोडक्यात

1847 साली गुरांचा बाजार म्हणून सुरू झालेली ही जत्रा आता नाचगाण्याची आणि खाण्यापिण्याची आहे. पिवळी माती, कागदी दिवे, झालरींचे पोशाख, घोडागाड्या; दुपारी फेरफटका मारायला सुंदर. पण खरी जत्रा कासेतांच्या आत असते. हे तंबू हजारावर आहेत आणि बहुतेक घराण्यांचे, मित्रमंडळींचे किंवा संस्थांचे. दारात माणूस उभा असतो, नाव सांगितल्याशिवाय आत सोडत नाही. सार्वजनिक तंबू आहेत, तिथे कोणीही जाऊ शकतं, पण आमंत्रण नसलेला प्रवासी बहुतेक वेळ बाहेरच्या रस्त्यावर फिरत राहतो. एवढ्यासाठी इतका खर्च करू नये.

खाणं, राहणं, बघणं

शाकाहारी माणसाची सोय दोन्हीकडे होते, थोडं विचारावं लागतं इतकंच. व्हॅलेन्सियात फायासच्या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर भोपळ्याच्या पिठातले बुन्युएलो तळत असतात, घट्ट गरम चॉकलेटात बुडवून खायचे. नागरमोथ्याच्या कुळातल्या कंदापासून केलेलं गार ओर्चाता मुलांना आवडतं. पाएया मात्र मुळात कोंबडी आणि सशाची, तेव्हा भाज्यांची वेगळी मागा. सेव्हिलमध्ये पालक-छोले मिळतात, जिऱ्याच्या वासाचे. पहिल्या घासातच घरची आठवण येईल. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सूप मागवताना वरचं हॅम आणि अंडं नको म्हणून सांगा.

उत्सव सोडून शहर म्हणून विचाराल तर सेव्हिल सरस आहे. अल्काझार राजवाडा, कॅथेड्रल आणि इंडीज अभिलेखागार (स्पेनच्या जुन्या वसाहतींचं दप्तर) ही तिन्ही ठिकाणं 1987 पासून जागतिक वारसा आहेत. हिराल्दा मनोरा मूळचा मशिदीचा मिनार. आत पायऱ्यांऐवजी चढणीचा रस्ता आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही बराच चढता येतो. पण पवित्र आठवड्यात कॅथेड्रलच्या वेळा कमी होतात आणि गुड फ्रायडेला अल्काझार बंद असतो. व्हॅलेन्सियात रेशीमबाजाराची जुनी इमारत, ला लोन्खा, पिळाच्या खांबांसाठी बघाच. 1957 च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेर वळवली आणि कोरड्या पात्रात मैलोन्‌मैल बाग केली. फटाक्यांपासून दोन तास सुटका हवी तर तिथे जा.

दोन्ही शहरांत उत्सवाच्या दिवसांत खोल्यांचे दर चढतात. सेव्हिलमध्ये जुन्या गावठाणात खोली घेतलीत तर मिरवणुकीमुळे कधीकधी घरी परतायला तासभर थांबावं लागेल. व्हॅलेन्सियात झोप हवी असेल तर समुद्राच्या बाजूला, मेट्रो किंवा ट्रामजवळ राहा. माद्रिदहून वेगवान रेल्वेने व्हॅलेन्सिया दोन तासांच्या आत, सेव्हिल साधारण अडीच तास.

पाम्प्लोना का नाही

बैलांपुढे धावण्याचा सान फेर्मिन 6 ते 14 जुलैला असतो आणि तो बघायचा का हे मला बरेच जण विचारतात. सकाळी धावलेले बैल त्याच संध्याकाळी रिंगणात मारले जातात, म्हणून मी तो सुचवत नाही. बैलझुंजी सेव्हिल-व्हॅलेन्सियातही उत्सवाच्या दिवसांत होतात, पण तिकीट काढून आत गेलात तरच त्या दिसतात. पाम्प्लोनाच्या बाजूला जायचंच असेल तर गोव्याच्या माणसाला वेगळं कारण आहे: जुन्या गोव्यात ज्यांचं शव जपलेलं आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरांचा जन्म 1506 साली तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या हावियेर गढीत झाला. ती गढी वर्षभर बघता येते.

दोन्ही एकाच फेरीत

ईस्टर लवकर येणाऱ्या वर्षी हे जमतं. 2027 साली ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे पाम संडे 21 ला. 19 च्या रात्री क्रेमा बघा, 20 ला विमानाने किंवा रेल्वेने सेव्हिल गाठा आणि बुधवारपर्यंत राहा. मादरुगाच्या आदल्या दिवशी निघालात तर खोलीचा खर्चही आटोक्यात राहील. 2028 मध्ये ईस्टर 16 एप्रिलला आहे, म्हणजे पाम संडे 9 ला, तेव्हा दोन्हीत तीन आठवड्यांचं अंतर पडेल. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मार्चच्या प्रवासासाठी सप्टेंबरातच, रद्द करता येईल अशी खोली आधी राखून ठेवा आणि मग कागदपत्रांना लागा.