प्रोसेस-थ्रेडसाठी एकच इंटरफेस: आठ महिने वापरल्यानंतर

लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज अशा तिन्हींवर चालणारं बिल्ड टूल (सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करणारं साधन) आम्ही सांभाळतो. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) आणि थ्रेड (तिच्या आत समांतर चालणारं काम) सुरू करणारा त्यातला सी भाषेतला पातळ थर मी लिहिला. तेव्हा खालचं कौतुक आणि तक्रार, दोन्ही घरचीच.

चालू प्रोसेसची (पालकाची) प्रत काढून नवी प्रोसेस (पोर) बनवणाऱ्या फोर्कला फाटा दिला, ते बरं झालं. विंडोजवर तो नाहीच, पण युनिक्सवरही थ्रेड असले की तो अंगाशी येतो. पालकात दहा थ्रेड असले तरी पोरात एकच येतो, फोर्क करणारा. दुसऱ्या कुणी त्या क्षणी लॉगिंगचं म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) धरलेलं असेल, तर पोराच्या वाट्याला बंद कुलूप येतं आणि किल्लीवाला मागेच राहतो. म्हणून आमच्या फंक्शनला प्रोग्राम, आर्ग्युमेंट्स, एन्व्हायर्नमेंट, डिरेक्टरी सगळं आधीच सांगायचं. आत युनिक्सवर पॉसिक्स_स्पॉन, विंडोजवर क्रिएटप्रोसेस, ही नवी प्रोसेस सुरू करणारी सिस्टिमची फंक्शन्स. डिरेक्टरीने मात्र रडवलं: पोर कुठल्या डिरेक्टरीत सुरू व्हावं हे सांगायची सोय पॉसिक्स या युनिक्सच्या सामाईक मानकात थेट 2024 च्या आवृत्तीत आली. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने स्वतःची 2.29 मध्ये दिली होती म्हणून निभावलं.

सगळ्यात महागात पडला तो वारसा, म्हणजे पालकाच्या उघड्या फाइली आणि पाइप पोराकडे आपोआप जाणं. दोन थ्रेड एकाच वेळी दोन कंपायलर सुरू करतात. पहिल्याने आपल्या कंपायलरचं आउटपुट वाचायला पाइप उघडला. त्याचं लिहायचं टोक बंद करून घ्यायच्या आत दुसऱ्याचं पोर जन्मलं आणि ते टोकही सोबत घेऊन गेलं. पहिला कंपायलर संपला, तरी ते टोक उघडंच, म्हणून पाइपचा शेवट येईना, आणि आमचा रीड बसून राहिला. आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही फक्त गर्दीच्या बिल्डमध्ये. आता डिफॉल्ट उलटा केलाय: नाव घेऊन दिलेल्या हँडलशिवाय (उघड्या फाइल-पाइपच्या खुणेशिवाय) पोराकडे काहीच जात नाही. लिनक्सवर पाइप2 उघडतानाच क्लोएक्झेक (नवा प्रोग्राम सुरू होताना हँडल बंद करायची खूण) लावतं, मॅकओएसच्या स्पॉनमध्ये त्यासाठी वेगळा फ्लॅग आहे, विंडोजवर हँडलची यादी देता येते. त्यानंतर तो हँग पुन्हा दिसलेला नाही.

विंडोजला आर्ग्युमेंट्सचा ॲरे कळत नाही. सगळी एकच लांब ओळ, आणि ती फोडायचं काम समोरच्या प्रोग्रामचं. पाथमध्ये स्पेस होती म्हणून अवतरणात घातला, पण शेवटी बॅकस्लॅश होता. त्याने बंद करणारं अवतरणच गिळलं आणि पुढचं आर्ग्युमेंट पाथला चिकटलं. शेवटचे बॅकस्लॅश दुप्पट केले की सुटतं. बॅच फाइलींचे (विंडोजच्या कमांड-यादीच्या फाइलींचे) नियम आणखी निराळे, त्या मी सरळ नाकारतो.

थ्रेडच्या बाजूला चूक माझी. स्टॅकच्या (थ्रेडच्या फंक्शन-कॉल्सना लागणाऱ्या मेमरीच्या) आकाराला शून्य दिलं की ‘सिस्टिमचं डिफॉल्ट’, असं ठरवलं होतं. लिनक्सवर ते सहसा 8 एमबी, विंडोजवर 1 एमबी, आणि मॅकओएसवर मुख्य थ्रेड सोडून बाकीच्यांना 512 केबी. आमचा रिकर्सिव्ह पार्सर (मजकूर उलगडताना स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा, म्हणून स्टॅक खाणारा) माझ्या लिनक्सवर गुमान चालायचा आणि सहकाऱ्याच्या मॅकवर कोसळायचा. दोन दिवस मी पार्सरलाच शिव्या घातल्या. पुढच्या आवृत्तीत शून्य चालणार नाही, आकडा द्यावाच लागेल.

थ्रेडला नाव द्यायची सोय ठेवलीय, पण अर्धवट. मॅकओएसवर थ्रेड फक्त स्वतःचं नाव ठेवू शकतो, लिनक्सवर नाव 15 बाइटांत (इंग्रजी लिपीतल्या 15 अक्षरांत) बसवावं लागतं. त्यामुळे आमच्या डीबगरमध्ये सध्या ‘पार्सर-वर्कर-न’ नावाचे आठ थ्रेड दिसतात. नंबर शेवटी होता, तो कापला गेला.