गच्चीवरचं सोलर, चौदा महिन्यांनंतर

ऑगस्ट २०२४ च्या सर्वसाधारण सभेत मी लिफ्ट-पंपाच्या मीटरचं बिल वाचून दाखवलं. एका महिन्याचे ५२,३४० रुपये. ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुढे आमची सात मजली इमारत आहे, दोन विंग, बेचाळीस घरं. मी बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी खजिनदारपद गळ्यात पडलं. तेव्हापासून हे बिल दर महिन्याला माझ्याच हातात येतं. त्याच सभेत गच्चीवर २० किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरलं. नेट मीटर (महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) चालू होऊन आता चौदा महिने झाले. बऱ्याच सोसायट्यांचे पदाधिकारी विचारत असतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

काम केलेल्या कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्या ज्या चुका पुढे सांगणार आहे, त्या बाकीच्या तीन कोटेशनवाल्यांकडूनही झाल्या असत्या असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नावापेक्षा काय तपासायचं ते कळलेलं बरं.

आधी बिलाची गोष्ट, कारण सगळं गणित तिथेच आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटं स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग. आमच्या कॉमन मीटरवर महिन्याला साधारण २,७०० युनिटं जातात. म्हणजे त्यातली २,२०० सर्वात महागड्या टप्प्यातली. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. सोलरचं युनिट कमी करतं ते वरून, महागड्या बाजूने. माझ्या स्वतःच्या घरी महिन्याला १८० युनिटं लागतात. तिथे सोलर लावलं असतं तर पैसे फिटायला कितीतरी जास्त वर्षं लागली असती. सूर्य तोच, पॅनल तेच, पण टप्पा वेगळा. कोणी तुम्हाला 'अमुक वर्षांत पैसे वसूल' असं सरसकट सांगत असेल तर आधी स्वतःचं बिल काढून टप्पा बघा.

चार कोटेशनं आली. सर्वात स्वस्त १० लाख ४० हजारांचं होतं आणि सभेचा कल साहजिकच त्याच्याकडे होता. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, पॅनलमधले सेल कुठले? उत्तर मिळालं, 'मॅडम, पॅनल इंडियनच आहे.' पॅनल इथे जोडलेलं, पण त्यातले वीज तयार करणारे सेल परदेशातले. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान हवं असेल तर सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी हे अनुदान किलोवॉटला १८,००० रुपये आहे, म्हणजे आमच्यासाठी जवळपास ३ लाख ६० हजार. ज्यांना काम दिलं त्यांचा आकडा करासकट १३ लाख ६० हजार होता. अनुदान वजा जाता दहा लाख. स्वस्त कोटेशनपेक्षा तेच स्वस्त पडलं, आणि पाच वर्षांची देखभाल त्यातच धरलेली होती. (आम्ही तेव्हा जुन्या दराने जीएसटी भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ ऐवजी ५ टक्के आहे, आता करणाऱ्यांना तेवढा फायदा.)

किमतीतला मोठा वाटा स्ट्रक्चरचा, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात त्या सांगाड्याचा. कंपनीने आधी पॅनल गच्चीपासून दोन फुटांवर ठेवायचा आराखडा दिला होता. तसं केलं असतं तर गच्ची गेलीच म्हणायची. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये आठ-दहा घरांतल्या बायका पापड, कुरडया, सांडगे वाळत घालतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सभेत हात वर करून तेवढंच विचारलं, 'पापड कुठे घालायचे?' त्या प्रश्नाची दखल घेतली म्हणून मला या कंपनीबद्दल आदर आहे. कंपनीतल्या इंजिनिअर मुलीने आराखडा बदलला, साडेआठ फूट उंच स्ट्रक्चर काढलं आणि नैर्ऋत्येचा कोपरा मोकळा सोडला. खर्च वाढला, पण खाली माणूस ताठ चालतो, टाकीच्या दुरुस्तीला जागा राहिली आणि पापडांना ऊन मिळतं.

नोव्हेंबरात माल आला. करारात प्रत्येक पॅनलच्या सिरीयल नंबरची यादी जोडून घ्यायचा आग्रह मी धरला होता. ५४० वॉटचे ३७ पॅनल, एकेकाचं वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. ते गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेले असतानाच मी आणि बी विंगमधला एक कॉलेजचा मुलगा यादी घेऊन बसलो. तो मागचं स्टिकर वाचायचा, मी पेन्सिलने खूण करायचे. तीन नंबर यादीत नव्हते. सुपरवायझर म्हणाला, 'सेम कंपनीचा, सेम वॉटचा माल आहे, काकू, काही फरक नाही.' फरक असेल किंवा नसेल. अनुदानाच्या कागदावर जो नंबर जातो तोच गच्चीवर हवा. तीनही पॅनल परत गेले, आठवड्याने बरोबर नंबरचे आले. वर चढवल्यावर मागचं स्टिकर कोणालाच दिसत नाही, त्यामुळे हे काम खाली असतानाच करून घ्या.

नेट मीटरला मात्र जानेवारी उजाडला. कारण ऐकून सभेत सगळे गप्प झाले होते: कॉमन मीटर बावीस वर्षांनंतरही बिल्डरच्याच नावावर होतं. बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हे आम्ही पाहायला हवं होतं. पण कंपनीने पहिल्याच दिवशी बिलाची प्रत घेतली होती, आणि हा तिचा रोजचा धंदा आहे. पॅनल चढवून झाल्यावर, ऐंशी टक्के पैसे घेऊन झाल्यावर तिला ते नाव दिसलं. सहा आठवडे पॅनल उन्हात नुसते उभे होते. सुदैवाने करारात शेवटचे वीस टक्के 'नेट मीटर चालू झाल्यावर' असे लिहून घेतले होते, नाहीतर ते सहाचे सोळा आठवडे झाले असते.

दुसरा मनस्ताप पावसाळ्यात. २०२५ ला मुंबईत मान्सून २६ मेलाच आला. तिसऱ्या दिवशी ए विंगच्या सातव्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूममध्ये छताला ओल. स्ट्रक्चरच्या दोन पायांसाठी स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारताना वॉटरप्रूफिंग फोडलं होतं आणि वरून नुसतं सिमेंट थापलं होतं. करार होता तो भोकं न पाडता वजनदार काँक्रीटचे ठोकळे ठेवायचा. दोन पायांना जागा अडचणीची पडली म्हणून कंपनीच्या मुलांनी परस्पर ड्रिल चालवलं. कंपनीचा फोन पाच दिवस कोणी उचलला नाही. मग लेखी पत्र दिलं, तेव्हा माणसं आली, दोन्ही पाय ठोकळ्यांवर घेतले आणि तेवढा भाग स्वखर्चाने नव्याने वॉटरप्रूफ करून दिला. काम नीट केलं. पण काकांनी ते पाच दिवस पलंगावर पातेली ठेवून काढले, आणि त्याची भरपाई कुठल्याच करारात नसते.

एक गोष्ट विकताना कोणीच नीट सांगत नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी साडेबाराला वीज गेली आणि लिफ्टही थांबली. वर लखलखीत ऊन, गच्चीवर ३७ पॅनल. लोक माझ्या दारात. ग्रिड, म्हणजे महावितरणची वीज, गेली की असला सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःला बंद करून घेतो, आणि ते तसंच असायला हवं. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हे मी त्या दिवशी जिन्यात उभी राहून बारा-तेरा जणांना समजावलं. कंपनीने एक पानभर मराठी माहितीपत्रक दिलं असतं तर हे आधीच सगळ्यांना कळलं असतं.

आता आकडे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एकूण २५,१९० युनिटं तयार झाली. एप्रिलमध्ये २,६४०, जुलैमध्ये १,२८०. कोटेशनमध्ये 'दिवसाला ८० युनिट' लिहिलं होतं. त्या हिशेबाने २९,२०० व्हायला हवी होती. कोकणातल्या पावसाचे चार महिने त्या ८० मध्ये कुठेच नव्हते. तरीही बिल वर्षाला साधारण पावणेपाच लाखांनी उतरलं आहे. म्हणजे ते दहा लाख फिटायला दोन वर्षं आणि वर थोडे महिने. एखाद्या महिन्यात वापरापेक्षा जास्त युनिटं झाली तर ती पुढच्या महिन्यात जमा राहतात. ३१ मार्चला ते जमा खातं बंद होतं, म्हणून गरजेपेक्षा मोठा प्लांट बसवण्यात अर्थ नाही.

धुळीचं सांगायलाच हवं. मेट्रो ४ च्या कामामुळे आमच्या पट्ट्यात पॅनलवर दहा दिवसांत बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. फेब्रुवारीत धुण्याच्या आदल्या दिवशी ६८ युनिटं होती, धुतल्यावर ७९. पहिल्यांदा कंपनीच्या माणसाने टँकरच्या बोअरिंगच्या पाण्याने धुतलं. वाळल्यावर काचेवर पांढरे चट्टे. ते व्हिनेगरच्या पाण्याने पुसून काढायला अख्खी सकाळ गेली. आता महापालिकेचं पाणी, मऊ वायपर आणि सकाळी सातच्या आत, काच तापायच्या आधी. आमचा वॉचमन दर पंधरा दिवसांनी करतो, त्याचे त्याला वेगळे पैसे देतो.

आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. आमच्यासारखे महागड्या टप्प्यातले ग्राहक जे जास्तीचे पैसे भरतात, त्यातूनही खालच्या टप्प्याचा आणि शेतीपंपांचा दर कमी ठेवला जातो. आम्ही त्या टप्प्यातून खाली उतरलो. गच्ची असलेले सगळेच उतरले तर तो भार कोणावर जाईल? माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ठाण्याजवळच्या दिवा गावात चाळीत राहतात. त्यांच्या डोक्यावर पत्रा आहे, तोही मालकाचा. सरकारने २०२२ पर्यंत देशातल्या छतांवर ४० गिगावॉट करायचं ठरवलं होतं, त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचलो नाही. मग २०२४ मध्ये एक कोटी घरांची ही पीएम सूर्यघर योजना आली. ती चांगलीच आहे, आम्ही तिचा लाभ घेतला. पण छत नसलेल्या माणसाला त्या उन्हातला वाटा मिळायची सोय तितक्याच जोमाने व्हायला हवी.

आणि संध्याकाळ. सात वाजता सगळ्या लिफ्ट धावत असतात तेव्हा आमचे पॅनल झोपलेले असतात. त्या वेळी वीज येते ती मुख्यतः चंद्रपूर-कोराडीसारख्या कोळशाच्या वीजकेंद्रांची. नेट मीटरमुळे आमच्या बिलाला पंप कधी चालवला याने फारसा फरक पडत नाही, तरी मी वरच्या टाक्या भरायची वेळ संध्याकाळी सहावरून सकाळी अकरावर आणली. आपल्याच जिल्ह्यात शहापूरच्या बाजूला घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज असेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. दिवसाचं ऊन रात्रीला पुरवायचं तर असे प्रकल्प कितीतरी लागतील. आमची टाकी त्यापुढे थेंबभर, पण ते वेळापत्रक बदलायला एक रुपयाही लागला नाही.

कंपनीला पाचपैकी साडेतीन गुण. आराखडा उत्तम, माल चांगला, अनुदानाची कागदपत्रं चोख. एप्रिलमध्ये पैसे थेट सोसायटीच्या खात्यात आले. अर्धा गुण फोनचा कापला, एक गुण त्या ड्रिलचा.

सध्याची काळजी वेगळी आहे. पश्चिमेला शेजारच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास सुरू आहे, चोवीस मजल्यांचा टॉवर. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी चार वाजता मी गच्चीवर जाऊन त्याच्या सावलीची कड खडूने आखते आणि तारीख घालते. जानेवारीत ती कठड्यापाशी होती, एप्रिलमध्ये पहिल्या रांगेच्या पायाला लागली. ती रांग पूर्वेकडे सरकवायला किती खर्च येईल हे कंपनीला लेखी विचारलं आहे. यावेळी फोन दुसऱ्याच दिवशी आला, शनिवारी इंजिनिअर मुलगी मोजमाप घ्यायला येते आहे.