डी७५० नंतर निकॉन झेड५ टू: लग्नाचं काम करणाऱ्यांसाठी सविस्तर परीक्षण

निकॉनचा डी७५० हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा सप्टेंबर २०१४ मध्ये आला आणि लग्नाच्या कामात त्याने जी जागा पटकावली ती अजून पूर्ण सुटलेली नाही. पण आता त्यातल्या बहुतेक बॉडी थकल्या आहेत. शटरची कंपनीने सांगितलेली मर्यादा दीड लाख क्लिकची. सीझनभर काम करणाऱ्याने ती केव्हाच ओलांडलेली असते. ग्रिपचं रबर सुटतं, मागचा डायल एका टप्प्याऐवजी दोन टप्पे पुढे जातो, कार्डाचं झाकण सैल होतं. दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवी बॉडी बघायला जातो आणि मेगापिक्सेल, फ्रेम्स, फोर-के यांच्या तुलनेत अडकतो. कपाटात लेन्स कोणत्या आहेत हे मात्र शेवटी आठवतं. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण बॉडी चार-पाच वर्षांत पुन्हा बदलेल, पण लेन्सचा संच बदलायचा म्हणजे दोन सीझनची कमाई त्यात जाते.

म्हणून आधी लेन्सची नावं नीट वाचा. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर फोकसची मोटर लेन्समध्येच आहे. अशी लेन्स एफटीझेड टू अडॅप्टर (जुन्या एफ-माउंट लेन्स नव्या बॉडीला जोडणारा) लावून कोणत्याही झेड, म्हणजे निकॉनच्या आरसा नसलेल्या मिररलेस बॉडीवर व्यवस्थित ऑटोफोकस करते. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर ती लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालते. डी७५० च्या माउंटवर पेचकसाच्या टोकासारखा जो बारीक दांडा दिसतो, तो तिचा फोकस फिरवतो. आधीचा एफटीझेड आणि आताचा एफटीझेड टू या दोन्ही अडॅप्टरांत हा दांडा नाही. ५० एमएम १.८डी, ८५ एमएम १.८डी, ८०-२०० २.८डी या आपल्याकडे सेकंडहँड बाजारात हातोहात फिरणाऱ्या लेन्स त्यामुळे झेडवर फक्त हाताने फोकस होतात. ॲपर्चर चालतं, एक्स्पोजर बरोबर येतं, पण फोकस हातानेच. वरमाला पडायच्या क्षणी हे जमत नाही. या लेन्स विकून टाका आणि तो हिशेब बजेटमध्ये आधीच धरा.

टॅमरॉन, सिग्माच्या जुन्या एफ-माउंट लेन्सचं काम थोडं वेगळं. त्यातल्या काही अडॅप्टरवर अडखळतात आणि त्यांचं फर्मवेअर अद्ययावत करावं लागतं. त्यासाठी टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल किंवा सिग्माचा यूएसबी डॉक लागतो. बॉडीचे पैसे भरण्यापूर्वी आपली लेन्स दुकानात नेऊन लावून बघणं हाच यावर खात्रीचा उपाय.

एएफ-एसच्या दोन-तीन चांगल्या लेन्स हाताशी असतील, म्हणजे २४-७० २.८ आणि ७०-२०० २.८ धरू, तर एप्रिल २०२५ मध्ये आलेला झेड५ टू हीच आजची सर्वांत शहाणपणाची खरेदी आहे, असं माझं ठाम मत आहे. सेन्सर २४.५ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम, प्रोसेसर महागड्या झेड८ आणि झेड९ मधला एक्स्पीड ७, दोन्ही कार्ड-स्लॉट एसडीचे आणि वेगवान यूएचएस-टू प्रकारचे, मेकॅनिकल शटर १/८००० पर्यंत, बॉडीतच पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन. बॅटरी आणि कार्डासह वजन ७०० ग्रॅम. डी७५० याच हिशेबाने ८४० ग्रॅम भरतो. पण वजन कमी होणार या आशेवर कोणी बदल करत असेल तर थांबा: एफटीझेड टू १२५ ग्रॅमचा आहे, म्हणजे जुन्या लेन्स वापरत असेपर्यंत हातातला भार जवळजवळ तेवढाच राहतो. शिवाय लेन्स तीन सेंटीमीटर पुढे जाते, त्यामुळे ७०-२०० लावल्यावर तोल पुढे झुकतो.

मेगापिक्सेल वाढत नाहीत म्हणून काही जण नाक मुरडतात. १२ × ३६ च्या करिझ्मा अल्बमचा हिशेब मांडून बघा. एक पान १२ × १८ इंचांचं. ३०० डीपीआयला त्याला ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. झेड५ टू ६०४८ × ४०३२ देतो, डी७५० सुद्धा ६०१६ × ४०१६ देतच होता. अल्बमसाठी दोन्ही पुरून उरतात. मग पैसे कशाचे मोजायचे? फोकसचे.

डी७५० मध्ये फोकसचे ५१ बिंदू आहेत आणि ते सगळे फ्रेमच्या मध्यभागी गोळा झालेले. नवरी फ्रेमच्या कडेला ठेवायची तर मध्यावर फोकस धरून कॅमेरा फिरवावा लागतो, आणि १.८ वर तेवढ्यात डोळा हुकून कान शार्प होतो. दुसरं दुखणं फ्रंट-फोकस, बॅक-फोकसचं, म्हणजे फोकस थोडा पुढे किंवा मागे पडण्याचं. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा, तळाशी बसवलेला. त्याचं आणि मुख्य सेन्सरचं अंतर केसभर चुकलं की प्रत्येक लेन्सला फाइन-ट्यून करत बसा. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे हा प्रकारच संपतो. फोकसचे बिंदू जवळपास सगळी फ्रेम व्यापतात, आणि डोळा ओळखून धरून ठेवण्याचं काम झेड५ टू मुंडावळ्यांच्या आडूनही बहुतेक वेळा करतो. मुंडावळ्या दाट असतील आणि चेहरा खाली असेल तेव्हा फोकस मोत्यांवर जातो. अशा वेळी ऑटो-एरिया सोडून वाइड-एरियाचा छोटा चौकोन चेहऱ्यावर ठेवला की बराच फरक पडतो.

अंधारातल्या फोकसचा आकडा कंपनी उणे १० ईव्ही (प्रकाशाचं माप; जितकं उणे तितका अंधार जास्त) सांगते, डी७५० चा उणे ३ होता. मात्र नवा आकडा एफ/१.२ लेन्सवर मोजलेला आहे. एफ/४ च्या झूमवर तेवढी अपेक्षा ठेवू नका. आणि इथे फ्लॅशवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: एसबी-७००, एसबी-९१० हे जुने स्पीडलाइट झेडच्या हॉट-शूवर टीटीएलसह (लेन्समधून येणारा प्रकाश मोजून फ्लॅश आपोआप ठरवण्याची सोय) चालतात, पण त्यांचा तो लाल जाळीचा फोकस-मदतीचा दिवा झेडवर पेटत नाही. रात्रीच्या वरातीत ज्यांची सवय त्या लाल जाळीवर बसली आहे त्यांना पहिल्याच कामात हे जाणवेल. छोटा सततचा एलईडी दिवा सोबत ठेवा, नाहीतर १.८ ची लेन्स चढवा.

फ्लॅश आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर यांची सांगड नीट बसवली नाही तर सुरुवातीला गोंधळ होतो. स्टुडिओत १/१६०, एफ/८, आयएसओ १०० ठेवलं की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतो, कारण तो फ्लॅशविना येणारं एक्स्पोजर दाखवत असतो. कॅमेरा बिघडलेला नाही. कस्टम सेटिंगमध्ये व्ह्यू मोड शोधा आणि ‘सेटिंगचा परिणाम दाखवा’ ऐवजी ‘बघायला सोपं’ हा पर्याय निवडा. हे एखाद्या फंक्शन बटणावर टाकून ठेवलं तर स्टेजवर उपलब्ध प्रकाश आणि फ्लॅश यांत ये-जा करणं सोपं होतं. फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा कमाल शटर वेग, १/२०० वरच आहे.

आता हॉलमधले दिवे. सायलेंट मोडचं आकर्षण सगळ्यांना असतं, मंगलाष्टकांच्या वेळी खटखट नको वाटते. पण झेड५ टूचा सेन्सर स्टॅक्ड (थरांचा, झटपट वाचला जाणारा) नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये तो वरून खाली सावकाश वाचला जातो. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि फ्लॅश तर त्या मोडमध्ये चालतच नाही. मेकॅनिकल शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; १/५० किंवा १/१०० वर त्यांचा त्रास होत नाही. एलईडी वॉल याहून कितीतरी वेगाने लुकलुकते. तिच्यासाठी हाय-फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन चालू करून शटर बारीक टप्प्यांनी सरकवायचं आणि पडद्यावरचे पट्टे नाहीसे होतील तिथे थांबायचं. हे काम पाहुणे यायच्या आधी, हॉल रिकामा असताना करून घ्या.

लेझर हा त्याहून गंभीर विषय. डीएसएलआरमध्ये क्लिक करेपर्यंत सेन्सरपुढे आरसा आणि शटर असतं. मिररलेसमध्ये कॅमेरा चालू असेपर्यंत सेन्सर उघडा. विसर्जन मिरवणुकीतला किंवा संगीतच्या डीजेचा लेझर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रंगीत रेघ उमटू शकते. असं नुकसान वॉरंटीत धरलं जाण्याची आशा ठेवू नका, आणि सेन्सर बदलणं म्हणजे बॉडीच्या किमतीचा मोठा हिस्सा. लेझर लावणार असतील तर ऑपरेटरला तो डोक्यावरून फिरवायला सांगा, त्याच्या रेषेत उभे राहू नका, आणि मधल्या वेळेत लेन्सला झाकण लावा.

हळद, गुलाल, जेजुरीचा भंडारा यांचंही तसंच. लेन्स काढली की सेन्सर समोरच असतो आणि झेड५ टूला तो झाकणारा पडदा नाही. अशा ठिकाणी लेन्स बदलायचीच नाही; एका बॉडीवर २४-७०, दुसऱ्यावर ७०-२०० हीच पद्धत. पूड आत गेलीच तर आधी बॉडी उलटी धरून हवेच्या फुग्याने झटका. कोरड्या पुडीवर थेट स्वॅब फिरवला तर ती सेन्सरच्या काचेवर घासली जाते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र हा कॅमेरा डी७५० च्या जवळपासही येत नाही. जुना कॅमेरा सीआयपीए (कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या) मापाने एका चार्जिंगवर १२३० फोटो द्यायचा, हा साडेतीनशेच्या आसपास. प्रत्यक्ष लग्नात सलग फोटो काढले जातात म्हणून आकडा बराच वर जातो, तरी हळदीपासून पाठवणीपर्यंत चार बॅटऱ्या धरा. जुन्या ईएन-ईएल१५ यात बसतात आणि चालतात, पण लवकर उतरतात, आणि कॅमेऱ्यातच यूएसबी-सीने चार्ज होत नाहीत. ती सोय १५बी आणि १५सी लाच आहे. जेवणाच्या पंगतीच्या वेळी पॉवर बँकवर लावता येणाऱ्या दोन १५सी तरी असाव्यात.

खर्चाचा जो भाग कोणी सांगत नाही तो संगणकाचा. डिसेंबर २०१७ नंतर अपडेट बंद झालेलं लाइटरूम ६ हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडणार नाही. व्हिडिओ १०-बिट एच.२६५ मध्ये घेतला तर सातव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर एडिटिंग रखडतं, कारण त्या चिपमध्ये हे उलगडण्याची स्वतंत्र सोय नाही. फोर-के ६० फ्रेम्सवर चित्र दीड पट क्रॉप होतं हेही लक्षात ठेवा. छोट्या हॉलमध्ये २४ एमएम मग ३६ सारखी वागते. फोर-के ३० ला पूर्ण रुंदी मिळते.

निम्मं काम व्हिडिओचं असेल तर झेड६ थ्रीचा विचार करावा. त्याचा सेन्सर अंशतः स्टॅक्ड आहे, वेगाने वाचला जातो, फोर-के ६० पूर्ण रुंदीत देतो. बदल्यात एक कार्ड सीएफएक्स्प्रेस टाइप बीचं घ्यावं लागतं, आणि कमी आयएसओवर गडद सावल्या ओढल्या तर थोडा जास्त नॉइज दिसतो. निव्वळ फोटोवाल्याला जास्तीच्या पैशांत एखादी झेड लेन्स घेणं केव्हाही बरं. त्यात पहिली २४-१२० एफ/४ एस. ६३० ग्रॅमची ही लेन्स दिवसा, मांडवात, मैदानात निम्म्याहून अधिक काम एकटी उरकते.

हे सगळं निकॉनवाल्यांसाठी. कॅननच्या ५डी मार्क थ्रीवर असलेल्याला झेडकडे यायचं काहीच कारण नाही: १९८७ पासून प्रत्येक ईएफ ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर असल्यामुळे कॅननच्याच मिररलेस आर६ मार्क टूवर अडॅप्टरने त्या सगळ्या चालतात. मात्र पुढे स्वस्त लेन्स हव्या असतील तर कॅनन मिररलेसच्या आरएफ माउंटवर सिग्मा, टॅमरॉनच्या फुलफ्रेम ऑटोफोकस लेन्स मिळत नाहीत. सोनीची मोठी ताकद नेमकी तीच, तिथे दोघांचाही खजिना खुला आहे. ज्याच्याकडे फक्त एएफ-डी लेन्स आहेत, म्हणजे सांभाळण्यासारखं काही उरलेलंच नाही, त्याने सोनीचा ए७ फोर जरूर हाताळून बघावा. पण आर६ मार्क टू आणि ए७ फोर यांचा एच.२६५ मधला ४:२:२ १०-बिट (रंगांची जास्त माहिती ठेवणारा) व्हिडिओ इंटेलच्या संगणकावर विनाअडथळा चालवायला अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो.

खरेदीच्या वेळी नावाकडे नीट बघा. २०२० सालचा मूळ झेड५ अजूनही सवलतीत विकला जातो, आणि खोक्यावर फरक फक्त ‘टू’ चा. तो सेकंदाला साडेचार फ्रेम्स काढतो, नवा मेकॅनिकल शटरवर रॉमध्ये ११. फोकसमध्ये तर मोठं अंतर आहे. बिलावर बॉडीचा सीरियल नंबर लिहून घ्या, तो खोक्यावरच्या आणि भारतातल्या वॉरंटी कार्डावरच्या नंबराशी जुळवा. बिलाविना स्वस्तात मिळणारा माल घेतला तर सर्व्हिस सेंटर दुरुस्तीचे पूर्ण पैसे मागतं. जीएसटी नोंदणी असेल तर बिल व्यवसायाच्या नावाने घ्या, १८ टक्के कराचं इनपुट क्रेडिट मिळतं. जुना डी७५० देताना शेवटच्या एनईएफ (निकॉनच्या रॉ) फाइलच्या एक्झिफमधून, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या माहितीतून, शटर काउंट काढून खरेदीदाराला दाखवा, आणि एएफ-एस लेन्स त्याच्यासोबत विकू नका.